बाहेरच्या भिंतींना नुसता रंग पुरेल, की प्लास्टर उतरवावं लागेल?

प्रश्न थोडक्यात असा: विटांच्या भिंती आणि आरसीसीचा सांगाडा असलेलं दुमजली घर, वय 18 वर्षं. बाहेरून दोनदा रंग झालेला आहे. पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटलेत, खिडक्यांखाली काळे ओघळ आहेत, पहिल्या मजल्याच्या बीमखालून एक आडवी भेग जाते आणि कोपऱ्यातल्या कॉलमवर एक उभी. रंगारी म्हणतो, भेगा भरून चांगल्यातला रंग मारू. गवंडी म्हणतो, सगळं प्लास्टर उतरवा. कुणाचं ऐकायचं?

पूर्णपणे कुणाचंच नाही. दोघांनीही अख्ख्या घराला एकच उत्तर दिलंय आणि तिथेच चूक आहे. चार बाजूंच्या चार भिंतींना मिळणारं ऊन वेगळं, पाऊस वेगळा; बऱ्याचदा ते प्लास्टर करणारे हातही वेगळे असतात. त्यामुळे निर्णय भिंतीगणिक घ्यायचा, आणि कधी कधी एकाच भिंतीच्या वरच्या आणि खालच्या भागाचा वेगळा. तो नुसत्या नजरेवर घेऊ नका. पोपडे सुटलेल्या भिंतीचं प्लास्टर पुष्कळदा ठणठणीत असतं आणि वरून नीटस दिसणारी भिंत पोकळ निघते.

आधी ठोकून बघा

लहान हातोडी किंवा 12 मिमी सळईचा हातभर तुकडा घ्या आणि भिंतीवर साधारण 30 सेंमी अंतराने, ओळीओळीने हलकं ठोकत जा. घट्ट बसलेलं प्लास्टर टणक, आखूड आवाज देतं. विटेपासून सुटलेलं प्लास्टर बद्द वाजतं, आणि दुसरा हात शेजारी टेकवला तर थरथर जाणवते. आवाज बदलला की थांबा, चारी बाजूंनी ठोकत त्या पोकळ भागाची हद्द शोधा आणि खडूने आखा. संपूर्ण भिंत झाली की आखलेले भाग मोजा. 9 मीटर रुंद, 6 मीटर उंच भिंत म्हणजे 54 चौ.मी.; खिडक्यांचे 6 वजा केले तर 48. त्यात पोकळ भाग 5 चौ.मी. निघाला तर तो साधारण 10 टक्के झाला.

माझा ठोकताळा असा. पोकळ भाग 10 टक्क्यांपर्यंत आणि विखुरलेला असेल तर तेवढे तुकडे कापून दुरुस्ती आणि मग रंग. 30 टक्क्यांच्या वर गेला तर ती भिंत पूर्ण उतरवा. इतकी ठिगळं लावण्यात मजुरी नव्या प्लास्टरएवढीच जाते, आणि उरलेलं जुनं प्लास्टर ठोकाठोकीच्या हादऱ्यांनी पुढच्या दोन-चार वर्षांत सुटतं. मधल्या पट्ट्यात भाग कुठे आहे ते पाहायचं. पोकळ भाग एकाच ठिकाणी, म्हणजे कठड्याखाली किंवा जमिनीलगत गोळा झाला असेल, तर तेवढा पट्टा आडवा सरळ कापून नवा करता येतो. भिंतभर पसरला असेल तर मूळ कामच कच्चं होतं: वीट न भिजवता प्लास्टर केलं, सांधे उकरले नाहीत किंवा पाणी मारलं नाही.

टक्केवारी कितीही असो, दरवाजावर, वाटेवर किंवा मुलं खेळतात त्या जागेवर सुटलेलं प्लास्टर लगेच पाडून टाका. 20 मिमी जाडीच्या प्लास्टरचं वजन चौरस मीटरला साधारण 40 किलो असतं. तो तुकडा रंगाच्या मुहूर्ताची वाट बघत नाही.

ठोकताना आणखी एक गोष्ट करा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, सारखाच जोर देऊन, चार-सहा ठिकाणी रेघ ओढा. मिलिमीटरभर ओरखडा उठला तर ठीक. टोक 5-6 मिमी आत गेलं आणि वाळू भुरभुर गळायला लागली, तर ते प्लास्टर चिकटलेलं असलं तरी रंग धरायला लायक नाही.

पोपड्याची मागची बाजू

सुटलेल्या रंगाचा तळहाताएवढा पोपडा काळजीपूर्वक काढा आणि उलटा करून उजेडात बघा. यात जितकी माहिती मिळते तितकी अख्खी भिंत लांबून न्याहाळून मिळत नाही.

मागे जुन्याच रंगाचा गुळगुळीत थर दिसला तर रंग रंगापासून सुटलाय. मागच्या वेळी भिंत धुतली नव्हती किंवा जुन्या रंगाची भुकटी तशीच ठेवून वर नवा रंग मारला होता. दोष रंगकामाचा आहे, प्लास्टर निर्दोष आहे. मागे पांढरी, बोटाला लागणारी पूड असेल तर खाली जुना सिमेंट पेंट, चुना किंवा हलक्या प्रतीची पुट्टी आहे. ती पूड खरवडून पूर्ण जाईपर्यंत वर कुठलाही महागडा रंग टिकणार नाही. मागे वाळूचे कण आणि सिमेंटचा करडा थर चिकटून आला तर प्लास्टरचा पृष्ठभागच कमजोर आहे. आणि मागे कापसासारखे किंवा बारीक स्फटिकांसारखे पांढरे क्षार दिसले, म्हणजेच लोणा, तर भिंतीतून पाणी प्रवास करतंय. अशा वेळी रंग की प्लास्टर हा प्रश्न दुय्यम आहे.

पोपडे न सुटलेल्या भागावरही खात्री करून घ्या. धारदार कटरने प्लास्टरपर्यंत जाणारी फुलीच्या आकाराची चीर द्या, दोन्ही रेघा साधारण 4 सेंमीच्या. वर रुंद, चिकट टेप घट्ट दाबा आणि मिनिटभराने झटक्यात ओढा. चिरेच्या कडेने थोडे तुकडे आले तर चालेल. फुलीचा अख्खा आकार निघून आला तर त्या भिंतीवरचा सगळा जुना रंग खरवडणं भाग आहे. नवा रंग वाळताना आक्रसतो आणि त्या ताणाने खालचा कमजोर थर सोबत घेऊन सुटतो. दोन-तीनदा रंग झालेल्या घरांत नवा रंग पहिल्याच पावसाळ्यात पत्र्यासारखा निघतो, त्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे आहे.

भेगा सगळ्या सारख्या नसतात

जाळ्यासारख्या पसरलेल्या, केसाएवढ्या भेगा, 0.3 मिमीच्या आतल्या, बहुतेक वेळा प्लास्टरच्या वरच्या कातडीपुरत्या असतात. माल जास्त सिमेंटचा होता, ओल्या प्लास्टरवर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटलं किंवा उन्हात भरभर वाळलं, ही कारणं. ठोकल्यावर आवाज घट्ट असेल तर ताणला जाणारा इलास्टोमेरिक रंग या भेगा झाकून नेतो. यासाठी प्लास्टर उतरवणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

बीमखालची आडवी भेग, तुमच्या भिंतीवर आहे तशी, काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्यावरची आहे. दोन्ही वस्तू उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, आणि सांध्यावर जाळी बसवलेली नसते. ही भेग हलती असते. तिच्यात पुट्टी भरून रंग मारला तर वर्षाच्या आत ती त्याच जागी परत उघडते. तिथे प्लास्टरचा पट्टा कापून जाळी घालावी लागते; कृती पुढे देतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी बारीक भेग सहसा ताण एकवटल्यामुळे येते आणि तिचाही उपाय जाळीचाच. पण विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणारी भेग वेगळी. ती पाया खचण्याची असू शकते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा, दोन-तीन महिने लक्ष ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तोवर त्या भिंतीचं कुठलंही काम काढू नका.

कॉलमवरची उभी भेग मला या सगळ्या वर्णनात सर्वांत जास्त खटकते. भेग कॉलमच्या कडेपासून 4-5 सेंमी अंतरावर, सळईच्या रेषेत सरळ उभी असेल आणि तिच्यातून तांबूस डाग ओघळला असेल, तर आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडाच्या 2 ते 6 पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. खात्री करायला भेगेवरचं प्लास्टर हातभर काढा. भेग फक्त प्लास्टरला असेल तर सुटलात. काँक्रीटलाही असेल तर सैल काँक्रीट फोडून सळई उघडी करा आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचं 1 टक्का द्रावण फवारा. निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं. सळईभोवती रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म संपवलाय आणि सळईचं नैसर्गिक संरक्षण गेलंय. मग हे काम रंगाऱ्याचंही नाही आणि गवंड्याचंही एकट्याचं नाही. इंजिनिअरच्या सांगण्यानुसार आधी कॉलम, मग भिंत.

पाणी कुठून येतं ते सापडेपर्यंत थांबा

भिंत नुसती ओली आहे म्हणून कुणी प्लास्टर काढायला सांगितलं, किंवा उलट ‘वॉटरप्रूफ रंग’ मारून ओल बंद होईल असं सांगितलं, तर दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट राहून जाते: पाण्याची वाट. ती बंद झाली नाही तर नवं प्लास्टरही पाच-सात वर्षांत त्याच जागी सुटेल.

वेळेवरून पुष्कळ कळतं. पाऊस पडल्यावर काही तासांत ओल दिसत असेल तर बाहेरून थेट शिरणारं पाणी. वर्षभर, कोरड्या दिवसांतही भिंत गार आणि काळपट राहत असेल तर आतल्या नळाचा किंवा सांडपाण्याच्या पाइपचा सांधा. मागे बाथरूम आहे का बघा. जमिनीपासून वर मीटरभर उंचीपर्यंतच पट्टा असेल आणि त्यावर लोणा असेल तर जमिनीतून चढणारी ओल. अशा वेळी आधी बाहेरची माती किंवा फरशी जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर चढलीय का ते पाहा. अंगण पुन्हापुन्हा उंच केलेल्या घरांत हे हमखास सापडतं आणि माती 15 सेंमी खाली घेतली तरी भिंत बरीच सुधारते.

खिडक्यांखालच्या काळ्या ओघळांची कारणं तीनच जागी शोधायची. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार आहे का आणि ती भिंतीच्या 4-5 सेंमी पुढे येते का. छज्जाच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून 3-4 सेंमी आत, पाणी तोडणारी खाच आहे का. 10-12 मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच असली तर थेंब तिथेच गळून पडतो, नसली तर छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीला लागतो. आणि गच्चीच्या कठड्याचा माथा. त्याचा उतार आत, गच्चीकडे हवा. बाहेर असेल तर माथ्यावरची सगळी धूळ दर पावसात भिंतीवरून धुऊन उतरते आणि तिच्यावर शेवाळ पोसतं. या तीन दुरुस्त्या भिंतीच्या रंगापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत, आणि रंगाचं आयुष्य वाढवण्यात त्यांचा वाटा रंगाच्या ब्रँडपेक्षा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

वाट सापडत नसेल तर नळी घेऊन भिंत भिजवा, पण खालून वर. तळाशी 15 मिनिटं पाणी, आत ओल येते का बघा, मग मीटरभर वर. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या सगळ्या भेगांत शिरतो आणि नेमकी गळती कळत नाही.

भिंतीत अजून ओल आहे का हे पाहायला 45 सेंमीचा चौकोनी पारदर्शक प्लास्टिक कागद चारी कडांनी टेपने बंद करून किमान 16 तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंतीला अजून वाळायचंय. ओल मोजणाऱ्या, टोचायच्या मीटरवरचे आकडे प्लास्टरवर जसेच्या तसे मानू नका; ते मीटर लाकडासाठी आखलेले असतात आणि लोणा असलेल्या भिंतीवर क्षारांमुळे उगाच जास्त दाखवतात. कोरड्या भिंतीशी तुलना करण्यापुरताच त्यांचा उपयोग.

ओल्या भिंतीवर जाड, ताणला जाणारा रंग तर अजिबात नको. बाहेरचं पाणी तो अडवतो हे खरं, पण आतलं पाणीही अडकतं, उन्हात वाफ होऊन रंगाला पाण्याने भरलेले फुगे येतात. असा फुगा टोचला की पाणी बाहेर येतं, आणि रंग बदलून ही तक्रार जात नाही.

ठिगळ लावायचं तर असं

आखलेला पोकळ भाग वेडावाकडा फोडू नका. कटरने सरळ चौकोन कापा, पोकळ हद्दीच्या 5-7 सेंमी पुढे, घट्ट प्लास्टरमध्ये. कडा आत किंचित तिरकी ठेवा म्हणजे नवा माल अडकून बसतो. विटांचे सांधे 10-12 मिमी खोल उकरा, ब्रशने धूळ काढा, भिजवा आणि वरचं पाणी चकाकणं बंद झाल्यावर पॉलिमर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधाळ द्रावण) आणि सिमेंटचा पातळ थर ब्रशने घासून लावा. तो चिकट असतानाच माल चढवायचा. तो वाळून गेला तर चिकटवण्याऐवजी उलट वेगळं करणारा थर तयार होतो. हे इतक्या वेळा घडतं की त्या अर्ध्या तासात जागेवर उभं राहणं फायद्याचं आहे.

ठिगळाचा माल जुन्या प्लास्टरपेक्षा कडक नसावा. गवंड्याला वाटतं की दुरुस्ती मजबूत हवी, म्हणून तो 1:3, म्हणजे 1 भाग सिमेंटला 3 भाग वाळू, असा कालवतो. मग ते ठिगळ आक्रसताना कडेचं जुनं प्लास्टर ओढून चारी बाजूंना भेग पाडतं. 1:5 च्या आसपासचं जुनं काम असेल तर 1:5 नेच भरा. 15 मिमीहून खोल भाग दोन थरांत भरायचा आणि 7 दिवस पाणी मारायचं.

बीमखालच्या भेगेसाठी सांध्याच्या दोन्ही बाजूंना 15 सेंमी, म्हणजे एकूण 30 सेंमी रुंद पट्टा कापा. गॅल्व्हनाइज्ड जाळी किंवा अल्कली सहन करणारी फायबरग्लासची जाळी बसवा. जाळी विटेला चिकटून खिळली तर तिचा उपयोग शून्य. ती मालाच्या मधोमध यायला हवी. म्हणून आधी पातळ थर द्या, तो ओला असताना जाळी दाबा, वर दुसरा थर.

पूर्ण भिंत उतरवायची तर

उतरवण्याचं काम वरून खाली, छिन्नी-हातोडीने. जड ब्रेकरने वीटही फुटते आणि शेजारच्या, ठेवायच्या भिंतीचं प्लास्टरही सैल होतं. उतरवल्यावर दोन दिवस भिंत तशीच उघडी ठेवून नीट बघा: फुटक्या विटा, मोकळे सांधे, बुजवायची राहिलेली परांचीची भोकं, पाइपभोवतालच्या फटी. ही संधी पुन्हा वीस वर्षं येत नाही. काँक्रीटच्या गुळगुळीत भागावर छिन्नीने जवळजवळ टोचे मारा.

मग भिंत भिजवून 1 भाग सिमेंट आणि 2 ते 3 भाग जाड वाळूचा पातळ माल थापीने फेकून मारा, पसरवायचा नाही. खरबरीत दाणेदार अंग राहिलं पाहिजे. दोन दिवस पाणी. त्यावर पहिला थर 12-15 मिमी, 1:4, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून, पोत्यावर लिहिलेल्या मात्रेइतकंच. थर ओला असताना त्यावर आडव्या नागमोडी रेघा मारा, निदान 3-4 दिवस पाणी मारा आणि त्यात आक्रसण्याच्या भेगा पडायच्या त्या पडू द्या. दुसरा थर 6-8 मिमी, 1:4 किंवा 1:5, लाकडी रंध्याने दाणेदार ठेवलेला. वरचा थर खालच्यापेक्षा कडक कधीच नाही. लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करायचा हट्ट बाहेर धरू नका. सिमेंट वर येतं आणि जाळीदार भेगा पडतात. यानंतर निदान 7 दिवस, दिवसातून तीनदा पाणी. पावसाचा मारा नसलेल्या, सावलीतल्या भिंतीला 1 सिमेंट, 1 चुना, 6 वाळू हाही उत्तम माल आहे. तो कमी आक्रसतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो.

मालाचा हिशोब: 10 चौ.मी. ला 20 मिमी जाडीत, 1:4 प्रमाणात, सांधे भरणं आणि सांडलवंड धरून 50 किलोची जवळजवळ 2 पोती सिमेंट आणि पाव घनमीटर वाळू. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवा. घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा चालता केला तर पुढे तोच भाग स्क्रूड्रायव्हरखाली भुरभुरतो. वाळू आली की काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर मीठ घातलेलं पाणी भरून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती गाडी परत पाठवा किंवा वाळू धुऊन घ्या.

चुन्याचा किंवा मातीचा जुना गिलावा असलेल्या घराला वरचं काहीही लागू करू नका. त्यावर सिमेंट किंवा ॲक्रिलिक रंग चढवला की भिंतीतली ओल कोंडते आणि विटाच झिजायला लागतात. तिथे दुरुस्ती चुन्यानेच.

पोकळ प्लास्टरवर टाइल किंवा दगडी पट्ट्या चिकटवून झाकण्याचा सल्ला मिळाला तर साफ नाकारा. निसटत्या थरावर आणखी वजन टांगणं धोक्याचं आहे. मागे 2-4 सेंमी हवेची पोकळी ठेवून, विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल अँकर घालून बसवलेले फायबर सिमेंटचे बोर्ड हा प्रामाणिक तिसरा पर्याय आहे, पण गळती आधी बंद करूनच.

रंगाचं काम

लोणा असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलं तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. शेवाळावर घरगुती ब्लीच 1 भाग आणि पाणी 3 भाग मारून 15-20 मिनिटं थांबा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो. फार जुने थर कोरडे घासू नका, त्यांत शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा आणि मास्क लावा. धुतल्यावर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. नव्या प्लास्टरला 28 दिवस. घाई केली तर ओल्या सिमेंटचा अल्कधर्म रंगाचे डाग उठवतो.

खिडकीच्या चौकटीभोवतालची फट सिमेंटने भरू नका, ती पुन्हा उघडेल. रंग धरणारं पॉलियुरेथेन सीलंट वापरा. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. फट 6 मिमीहून रुंद असेल तर आत फोमची दोरी घाला.

अंतर्गत पुट्टी किंवा पीओपी बाहेर कुठेही नको. भेगा भरल्या, प्रायमरचा एक हात सर्वत्र मारला, मग रंगाचे दोन हात. दाणेदार प्लास्टरवर एक लिटर साधारण 8 चौ.मी. पुरतो असं धरलं, तर आपल्या 48 चौ.मी. च्या भिंतीला दोन हातांना 12 लिटर लागतील. हा आकडा महत्त्वाचा आहे. एक लिटर रंग 10 चौ.मी. वर पसरला तर ओला थर 100 मायक्रॉनचा, म्हणजे 0.1 मिमीचा होतो. त्यातला घन भाग 40 टक्के असेल तर वाळल्यावर उरतात 40 मायक्रॉन. तोच लिटर पाणी वाढवून 15 चौ.मी. वर ओढला की उरतात 27. भिंत पहिल्या दिवशी तशीच दिसते, फरक तिसऱ्या वर्षी कळतो. म्हणून डबे तुम्ही मागवा, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायला लावा आणि रिकामे डबे मोजा. तापलेल्या भिंतीवर रंग नको. सावली जशी सरकेल तसं काम सरकवायचं.

तुमच्या घरापुरतं

सांगितलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज असा: पावसाची भिंत ठोकून झाल्यावर बहुधा बीमखालचा पट्टा, कठड्याखालचा भाग आणि खिडक्यांखालचे तुकडे निघतील, बाकी तीन भिंतींना खरवडून, धुऊन रंग पुरेल. कॉलमची भेग मात्र सगळ्याच्या आधी उघडून बघा. तिचा निकाल लागेपर्यंत कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

जमिनीवरून तुम्ही दोन मीटरपर्यंतच ठोकू शकता, त्यामुळे करार एकरकमी करू नका. परांची दोन्ही कामांना लागतेच, आणि प्लास्टरचं काम दोरावर लटकून नीट होत नाही. परांची उभी राहिली की पूर्ण भिंत ठोकायची, खडूने आखायची, दोघांसमोर मोजायची, फोटो काढायचे आणि मगच फोडायचं. दर चौरस मीटरला ठरवा: प्लास्टर उतरवण्याचा वेगळा, नव्या प्लास्टरचा वेगळा, जाळीचा मीटरला, काँक्रीट दुरुस्तीचा वेगळा, रंगाचा वेगळा. यामुळे गवंड्याला जास्त फोडण्यात आणि रंगाऱ्याला कमी फोडण्यात फायदा उरत नाही. संपूर्ण रंग सुरू करण्याआधी एका चौरस मीटरवर पूर्ण प्रक्रिया करून 7 दिवसांनी तीच टेपची चाचणी घ्या.

दिवसांचा हिशोब उलटा मांडा. उतरवणं आणि काँक्रीट दुरुस्ती दोन आठवडे, प्लास्टरचे थर आणि पाणी मारणं तीन, मग 28 दिवस, मग रंगाला आठवडा: एका भिंतीला दहा आठवडे धरा. पाऊस त्याआधी येणार असेल तर रंग रेटू नका. कठडा, छज्जे आणि खिडक्यांखालचे उतार, कॉलम, सुटलेलं प्लास्टर आणि नव्या प्लास्टरचे दोन्ही थर एवढं संपवा आणि भिंत बिनरंगाची सोडा. चांगलं प्लास्टर एक पावसाळा सहज काढतं, आणि त्या पावसात पाण्याची एखादी वाट राहिली असेल तर ती रंगाआड लपण्याआधी दिसून येते. पावसानंतर शेवाळ धुवा, प्लास्टिक कागदाची चाचणी पुन्हा घ्या आणि कागद कोरडा निघाला की प्रायमर मारायला घ्या.